पोलिसांविरुद्ध तक्रार: पहिल्या दिवसापासून प्राधिकरणाच्या सुनावणीपर्यंत

ठाण्यात मारहाण झाली, गुन्हा नसताना रात्रभर बसवून ठेवलं, फिर्याद घ्यायला नकार दिला, प्रकरण मिटवायला पैसे मागितले. असं काही घडलं की आजूबाजूचे दोनच सल्ले देतात. एक, ‘पोलिसांच्या नादी लागू नका.’ दुसरा, ‘थेट गृहमंत्र्यांनाच पाठवा.’ पहिल्यानं अन्याय जिरतो. दुसऱ्यानं अर्ज मंत्रालयातून फिरत फिरत बहुतेक वेळा त्याच ठाण्याच्या टेबलावर येऊन पडतो.

महाराष्ट्रात पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकण्यासाठी पोलीस खात्याबाहेरची यंत्रणा, म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण, कायद्यानं उभी केली आहे. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट सांगण्यासाठी हा लेख आहे. मात्र माझं एक ठाम मत आधीच सांगतो. अशी तक्रार टिकते की पडते, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत हाताशी आलेल्या कागदांवर ठरतं. चांगला वकील आणि कडक न्यायमूर्ती नंतर मिळाले तरी, त्या दिवसांत न झालेली वैद्यकीय तपासणी त्यांना मागे जाऊन करता येत नाही.

तक्रार नेमकी कशाची?

लोक एकाच अर्जात सगळं कोंबतात: गुन्हा नोंदवला नाही, तपास नीट नाही, हवालदार उद्धट बोलला, शेजाऱ्याकडून पैसे खाल्ले. यातल्या प्रत्येक गोष्टीचं दार वेगळं आहे.

गुन्हाच नोंदवून घेत नसतील तर ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिते’चं कलम १७३ पाहा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली तर ती नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं आहे. नव्या संहितेत तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सवलत दिली आहे, पण ती सरसकट सगळ्या गुन्ह्यांना लागू नाही. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारणही चालत नाही. हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम आहे. तरीही नकार मिळाला तर माहिती लेखी स्वरूपात टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवायची, आणि तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. हा क्रम कायद्यातच लिहिलेला आहे. अधीक्षकांना पाठवल्याचा पुरावा नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज लंगडा पडतो.

इथे एक खबरदारी घ्या. ‘एन.सी. करून देतो’ असं सांगून बऱ्याच जणांना अदखलपात्र नोंदीचा कागद देऊन घरी पाठवलं जातं. तो कागद म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. एन.सी.वर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हातात पडलेल्या कागदावर काय लिहिलं आहे ते ठाण्यातच वाचा.

लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा, टोल फ्री क्रमांक १०६४. पैसे देण्याआधी गेलात तर सापळा रचता येतो. दबावाखाली पैसे देऊन बसला असाल तर घाबरून गप्प राहू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत कळवलं तर त्याला संरक्षण आहे. हे सात दिवस मोजून वापरा.

राहिला तो सगळ्यात गंभीर प्रकार: मारहाण, बेकायदा अटक, कोठडीतला छळ, खंडणी, अधिकाराचा गैरवापर. पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल आहे.

पहिले तीन दिवस

मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि तिथे कारण स्पष्ट सांगा: पोलिसांनी मारलं, कशानं मारलं, कुठे मारलं. ‘पडलो’ असं एकदा केसपेपरवर गेलं की ते खोडणं फार अवघड होतं. सोबत पोलीस उभा असेल तर डॉक्टरांना एकट्यानं बोलायचं आहे असं सांगा. ‘एम.एल.सी.’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर बाब असलेलं वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद करायला सांगा आणि केसपेपरची प्रत घ्या. खासगी डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, पण सरकारी नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. वळ आणि सूज उतरतात, म्हणून फोटो रोज काढा. एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही दिसू द्या.

माणूस अजून ताब्यात असेल तर घरच्यांच्या हातात बरंच काही असतं. अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी, अटकेची कारणं सांगितली पाहिजेत आणि नातेवाइकाला कळवलं पाहिजे. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घालून दिलेले हे नियम आता संहितेच्या कलम ३५ ते ४८ मध्ये विखुरलेले सापडतात. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी कलम ५३ नुसार व्हायलाच हवी, आणि त्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळते. ती प्रत मागून घ्या. बहुतेक कुटुंबांना हा हक्क माहीतच नसतो.

आपल्याकडे खरा गोंधळ होतो तो ‘चौकशीसाठी बसवलंय’ या शब्दांनी. अटक दाखवलेली नसते, त्यामुळे चोवीस तासांत न्यायालयात हजर करण्याचं घड्याळही कागदावर सुरू होत नाही. अशा वेळी घरच्यांनी त्याच क्षणी ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. त्या फोनची वेळेसकट नोंद होते. मग ठाण्याच्या ई-मेलवर आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या ई-मेलवर दोन ओळी पाठवाव्यात: अमुक व्यक्तीला इतक्या वाजता अमुक ठिकाणाहून नेलं, अटक केली असल्यास कारण कळवावं. पुढे ‘आम्ही त्याला आणलंच नव्हतं’ असं उत्तर आलं तर हा मजकूर आणि त्यावरची वेळ बोलते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलं, साठीच्या पुढचे लोक, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं.

न्यायालयात हजर केल्यावर दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न घाईत येतो आणि मागे उभा असलेला हवालदार ऐकत असतो. भीतीनं बहुतेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतात, आणि ते रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, जातं. पुढे प्रत्येक सुनावणीत विरुद्ध बाजू तेवढंच दाखवते. मारलं असेल तर तिथेच सांगा, जखमा दाखवा, नोंद करून तपासणीला पाठवण्याची विनंती करा. वकील नसेल तर तिथल्या विधी सेवा वकिलाला बोलवायला सांगा. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असतं, दूरध्वनी मदत क्रमांक १५१००.

कॅमेऱ्यातलं चित्रण

हा भाग वेगळा काढला कारण इथे उशीर झाला की काही उरत नाही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली अशा सगळ्या ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने, आणि तशी सोय बाजारात मिळत नसेल तर निदान एक वर्ष, जपून ठेवायचं आहे. देखरेखीला जिल्हा पातळीवर समिती आहे. आदेश इतका स्पष्ट असला तरी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवा.

म्हणून पहिल्या आठवड्यातच एक स्वतंत्र, छोटा अर्ज द्या. मूळ तक्रारीत हा मुद्दा बुडवू नका. मजकूर एवढाच: ‘दि. … रोजी सकाळी … ते … या वेळेतलं, ठाण्याच्या प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष व कोठडीसमोरील कॅमेऱ्यांचं चित्रण माझ्या तक्रारीचा पुरावा आहे. ते नष्ट न करता जतन करावं. कॅमेरा बंद असल्यास तो कधीपासून बंद आहे व दुरुस्तीसाठी काय पत्रव्यवहार झाला ते कळवावं.’ शेवटचं वाक्य मुद्दाम घाला. बंद कॅमेऱ्याचाही कागद असतो, आणि तो नसेल तर तेही चौकशीत उपयोगी पडतं.

तुम्ही स्वतः ठाण्यात मोबाइलवर काही टिपलं असेल तर ते पुसू नका. पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्याखालचं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथे चित्रीकरण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं आहे.

तक्रार कशी लिहायची

दोन पानांत बसवा. मराठीत लिहा. राग कितीही खरा असला तरी ‘गुंड’, ‘खाकीतले दरोडेखोर’ असले शब्द चौकशी अधिकाऱ्याला वाचन थांबवायचं निमित्त देतात. ‘मला अमानुष मारहाण करण्यात आली’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘दि. १२ रोजी रात्री साधारण साडेनऊ वाजता दोन पोलीस कर्मचारी माझ्या दुकानात आले. एकाच्या नावाच्या पट्टीवर ‘…’ असं आडनाव होतं. दुसरा साध्या कपड्यांत होता, उंच, डाव्या हातात कडं. मला सरकारी गाडीतून ठाण्यात नेलं, गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे … . ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या खोलीत मला दोन्ही तळपायांवर पट्ट्यानं मारलं. पहाटे सोडलं तेव्हा कोऱ्या कागदावर सही घेतली. सकाळी सरकारी रुग्णालयात गेलो, केसपेपर सोबत जोडला आहे.’

यात कोण, कधी, कुठे, कशानं, हे सगळं आलं. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक, कॅमेरा किंवा रुग्णालयाच्या नोंदीशी ताडून पाहता येते. बक्कल क्रमांक, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, मिळाला तर उत्तमच. नाव माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका, वर्णन लिहा आणि ‘त्या वेळी ड्यूटीवर असलेल्यांची नोंद तपासून ओळख पटवावी’ अशी मागणी करा. चुकीचं नाव घातलं आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर निघाला तर अख्खी तक्रार खोटी ठरवली जाते.

शेवटी काय हवं आहे ते लिहा: गुन्हा नोंदवणं, विभागीय चौकशी, चौकशी होईपर्यंत संबंधितांची बदली. सोबत शपथपत्र जोडा, पानांना क्रमांक घाला, जोडलेल्या कागदांची यादी द्या, मूळ कागद स्वतःकडेच ठेवा.

हातोहात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका. जवळच्या टपाल कार्यालयातून पोच मिळेल अशा पद्धतीनं स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाला चिकटवा. शिवाय ई-मेलही करा.

कोणाकडे द्यायची

ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे तिथे ती देऊन थांबू नका. ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी आणि जिल्हा पोलीस अधीक्षक, शहरात परिमंडळाचे उपायुक्त आणि पोलीस आयुक्त यांना पहिली तक्रार जाते. उद्धट वागणूक, तपासातली दिरंगाई, अर्जाला उत्तर न देणं अशा बाबी इथेच लवकर सुटतात. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली पोलिसांवर बंधनकारक आहे, त्याचा दाखला द्या.

पण गंभीर तक्रारीची चौकशी त्याच साखळीतल्या अधिकाऱ्यानं केली तर ती कितपत पुढे जाणार, हा प्रश्न जुना आहे. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंह १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात सात आदेश आले. त्यातला एक होता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा: जिल्ह्यात आणि राज्यात, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, खात्याबाहेर. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कलम २२-त आणि त्यापुढची कलमं घातली. पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची पातळी निवडली. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठायला लावणारी ही तडजोड मला आजही अन्यायाची वाटते.

राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. सोबत निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी, निवृत्त सनदी अधिकारी आणि नागरी समाजातली एक नामवंत व्यक्ती. म्हणजे सामान्य नागरिकांची खुर्ची एकच. तीही कमी असली तरी वापरण्यासारखी आहे. वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्या कर्मचाऱ्यांविरुद्धची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे, त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांविरुद्धची राज्य प्राधिकरणाकडे द्यायची.

कोणत्या तक्रारी ऐकल्या जातात ते कायद्यात मोजून दिलं आहे: पोलीस कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि कायद्याचं गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर. तुमच्या तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच ती यांपैकी कशात बसते ते लिहा. नुसती ‘तपास नीट होत नाही’ ही तक्रार इथे टिकणं कठीण. मात्र आरोपीकडून पैसे घेऊन तपास दाबला याचा काही आधार असेल तर तो भ्रष्टाचार होतो. पीडित व्यक्ती, कुटुंबीय किंवा त्यांच्या वतीनं दुसरं कोणी तक्रार देऊ शकतं. साक्षीदारांना बोलावणं आणि कागद मागवणं यांसाठी प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तेव्हा ‘स्टेशन डायरी, ड्यूटी रजिस्टर, वाहनाचं लॉगबुक आणि चित्रण मागवावं’ अशी लेखी विनंती पहिल्याच तारखेला द्या. तुम्ही मागितलं नाही तर ते आपोआप येईल असं समजू नका.

राज्य मानवी हक्क आयोग ही दुसरी वाट. शुल्क नाही, साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. आयोग नुकसानभरपाईची शिफारस करतो, आणि ज्यांना भरपाईची तातडी आहे त्यांना ही वाट सोयीची. एकच तक्रार दहा ठिकाणी पाठवण्याचा मोह आवरा. एकीकडे विषय प्रलंबित आहे म्हणून दुसरीकडे तो बंद होऊ शकतो. एक मुख्य दार निवडा, आणि आधी कुठे अर्ज केला असेल तर तो लपवू नका.

दलित किंवा आदिवासी व्यक्तीच्या बाबतीत पोलिसांनी कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ चा उल्लेख करा. तो स्वतंत्र गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद न नोंदवणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा आहे.

न्यायालयाच्या मुदतीकडे मात्र डोळेझाक नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा करायला सहा महिन्यांची मर्यादा घालतं. प्राधिकरणाच्या तारखांची वाट पाहत ही मुदत निघून जाऊ देऊ नका. वकिलाशी पहिल्याच महिन्यात बोला. मृत्यू, बेपत्ता होणं किंवा जिवाला धोका असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग. निलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोठडीतल्या मृत्यूबद्दल राज्याला भरपाई द्यायला लावली, तो आधार आजही घेतला जातो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची फेरी वाचली आहे.

तक्रार दिल्यानंतर

जबाबासाठी बोलावतील. लेखी बोलावणं मागा, सोबत एकाला घेऊन जा. जबाब तुमच्या शब्दांत आहे का ते ओळ न ओळ वाचा. ‘माझी आता काही तक्रार नाही’ हे वाक्य शेवटी सहज घातलेलं आढळतं. पटलं नाही तर सही करण्याआधी दुरुस्ती करून घ्या. लिहिता-वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. प्रत मागा, नाकारली तर त्याच दिवशी ई-मेलनं तसं कळवून ठेवा.

महिना झाला तरी काही कळलं नाही की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असं विचारू नका, कागद मागा: माझ्या अर्जाचा आवक क्रमांक, तो कोणाकडे कोणत्या तारखेला पाठवला, चौकशी अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा, चौकशी अहवालाची प्रत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘तपासाला बाधा येईल’ एवढंच कारण आलं तर पहिलं अपील करा. बाधा कशी येईल ते त्यांना सांगावं लागतं.

दबाव येईल. गावातला पुढारी मध्यस्थीला येईल, तुमच्यावरच उलट गुन्ह्याची भाषा होईल. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि बोलणं वहीत टिपा. धमकी आली की प्राधिकरणाला किंवा आयोगाला पूरक अर्ज द्या, मूळ क्रमांक घालून. तडजोड करायचीच असेल तर तो तुमचा निर्णय आहे, पण कोऱ्या कागदावर किंवा मागची तारीख घातलेल्या कागदावर सही कधीही करू नका.

प्राधिकरणाचा अहवाल राज्य सरकारकडे जातो. तो स्वीकारला तर विभागीय चौकशीसाठी ती प्राथमिक चौकशी मानली जाते, आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर अहवाल ठाण्याकडे पाठवून त्यावरून गुन्हा नोंदवला जातो. प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं. आपल्या कायद्यानं मात्र अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारण देऊन अहवाल नाकारण्याची मुभा सरकारला ठेवली आहे. म्हणून निकाल तुमच्या बाजूनं लागला त्याच दिवशी अहवालाच्या प्रतीसाठी अर्ज करा, आणि दोन महिन्यांनी गृह विभागाला लेखी विचारा: अहवाल स्वीकारला का, कोणत्या तारखेला, आणि नाकारला असेल तर नोंदवलेलं कारण काय. हे कारण अपुरं असेल तर त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. त्या याचिकेला जोडायचा पहिला कागद म्हणजे गृह विभागाचं ते पत्र, किंवा उत्तरच आलं नाही तर तुमच्या अर्जाची पोच.